डॉक्टरीणबाईंचं दार

जर्मनीत कुणाच्या घराचं दार उघडं दिसलं, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर आत आग लागली आहे, नाही तर चोर येऊन गेला आहे. र्युसेल्सहाइमच्या आमच्या इमारतीत मी राहायला आलो, त्या दिवशी पाऊस होता. एका हातात खोका, दुसऱ्या हातात छत्री असा जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावरचं दार वीतभर उघडं. मी खोका खाली ठेवला, छत्री तलवारीसारखी पुढे धरली आणि हौशी रंगभूमीवर कमावलेल्या आवाजात गरजलो, "कोण आहे आत?"

आतून एक म्हातारा, खरखरीत आणि जराही न घाबरलेला आवाज आला, "चोर असाल तर चांदीचे चमचे डावीकडच्या खणात आहेत. शेजारी असाल तर या. पण ती छत्री बाहेर ठेवा, ठिबकतेय."

दाराच्या फटीतून छत्री ठिबकताना आतल्या बाईंना कशी दिसली, हे मला आजवर कळलेलं नाही. मी छत्री बाहेर ठेवली आणि आत गेलो. पुढची कितीतरी वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करत राहिलो आणि एकदाही घंटी वाजवली नाही. घंटी होती. तिच्यावर 'फ्राउ डॉक्टर' अशी पितळी पाटीही होती. पण उघड्या दाराची घंटी वाजवणाऱ्या माणसाकडे बाई अशा बघायच्या, की पुन्हा वाजवायची हिंमत होत नसे. तोंडावर आम्ही त्यांना फ्राउ डॉक्टर म्हणायचो. घरात, आपल्यात बोलताना, त्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्यांनी माझं बारसं पहिल्याच दिवशी केलं होतं. छत्रीचा प्रवेश आणि ती डरकाळी ऐकून त्या म्हणाल्या, "आल्झो, हेर थिएटर वरच्या मजल्यावर राहणार तर!" त्या दिवसापासून मी हेर थिएटर, म्हणजे श्रीयुत नाटक.

यातली खरी गंमत पुढेच आहे. मी पोटासाठी दारं करतो. गाड्यांची. बिजागऱ्या, खटके, दार लागताना होणारा आवाज, हे माझं खातं. दार लावताना 'ठप्' असा भरीव आवाज आला पाहिजे, 'खण्' असा नाही, एवढ्या एका गोष्टीपायी माझे केस पांढरे झाले. हे कळल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. "म्हणजे देवाने माझ्या डोक्यावर दारं बंद करणारा माणूस आणून ठेवला," म्हणाल्या. "त्याला अजूनही माझी थट्टा करायची हौस आहे."

बाई ठेंगण्या होत्या, खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत. ऐंशी उलटून गेलेली, तरी ओठांना लालभडक लिपस्टिक. आणि कपडे कायम अर्ध्या बाह्यांचे. बाहेर बर्फ पडत असलं तरी घरात शिरल्या की कोट काढून हात मोकळे. कारण डाव्या हातावर, कोपराखाली, तो आकडा होता. निळसर, विटलेला, एका बाजूला उतरता गेलेला. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असताना त्यांना हंगेरीतल्या त्यांच्या गावातून गुरांच्या डब्यात कोंबून ऑशविट्झला नेलं होतं. घरची सगळी माणसं तिथेच संपली. उरल्या या एकट्या, आणि हा आकडा.

लोक असा आकडा झाकतात. बाई तो मिरवायच्या. एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, आम्ही एकदा फ्रँकफुर्टला चाललो होतो. बाईंनी मुद्दाम डाव्या हाताने दांडी धरली होती. समोरचा सुटाबुटातला एक माणूस एकदा हाताकडे बघे, एकदा खिडकीबाहेर बघे. दोन स्टेशनं हा खेळ चालला. शेवटी बाई त्याला गोड आवाजात म्हणाल्या, "वाचून झालं का? की पान उलटू?" तो पुढच्याच स्टेशनवर उतरला. मी म्हटलं, "फ्राउ डॉक्टर, बिचाऱ्याला पार फ्रँकफुर्टपर्यंत जायचं असेल, मधेच उतरला." तर म्हणाल्या, "हे मी लिहिलेलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी लाजावं. मी का बाह्या शिवून घेऊ?"

युद्ध संपल्यावर त्यांच्यासारखी वाचलेली माणसं अमेरिकेला गेली, इस्रायलला गेली, जिथे बोट जाईल तिथे गेली. बाई राहिल्या. जर्मनीतच, जर्मन शिकून, जर्मन विद्यापीठात जर्मन प्राध्यापकांसमोर बसून डॉक्टर झाल्या. मानसोपचाराचा विषय घेतला. का राहिलात, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. "सगळेच निघून गेलो असतो, तर यांना वाटलं असतं काम फत्ते झालं. कुणीतरी राहून यांना त्रास द्यायला नको?"

आणि त्यांनी भरपूर दिला. त्या काळी छावण्यांतून वाचलेले लोक सरकारकडे भरपाई मागायला जायचे. झोप येत नाही, काम होत नाही, गर्दीत जीव घाबरा होतो म्हणायचे. मोठमोठे तज्ज्ञ त्यांना तपासून सांगायचे की हा आजार छावणीमुळे नाही, तुमच्या मूळ स्वभावातच होता. निरोगी माणूस अशा अनुभवातून काही वर्षांत सावरतो म्हणे! बाई त्या तज्ज्ञांच्या समोर जाऊन बसायच्या आणि एकेका अभिप्रायाविरुद्ध आपला अभिप्राय लिहायच्या. आयुष्यभर त्यांनी हाच अभ्यास केला, की माणूस अशा गोष्टीनंतर का मोडतो. त्यांचं म्हणणं असं की छावणी अर्धंच मोडते. उरलेलं नंतर मोडतं, टेबलापलीकडचा माणूस 'असं कसं झालं असेल?' म्हणून बघतो तेव्हा. "एका प्रोफेसरने मला विचारलं होतं, बाई, तुम्ही स्वतः त्यातल्याच, मग तुम्ही तटस्थ कशा? मी विचारलं, हेर प्रोफेसर, त्या वर्षांत तुम्ही कुठे होतात? बस्, मग आम्ही दोघांनीही तटस्थतेचा विषय सोडून दिला."

हे सगळं मला त्यांनीच कॉफी पिता पिता सांगितलं. कॉफी भयंकर असायची. तसं सांगितलं तर म्हणायच्या, "याहून वाईट पिऊन जिवंत राहिलेय, तुम्हीही राहाल."

आमच्या आईने मात्र त्यांना जिंकलं ते पहिल्याच भेटीत, आणि ज्या चुकीने जिंकलं ती आमच्याकडच्या बाईशिवाय कुणी केली नसती. आई एका उन्हाळ्यात साताऱ्याहून आली होती. अनघाने, म्हणजे माझ्या बायकोने, बाईंना जेवायला बोलावलं. बाईंनी पाव तोडून शेंगदाण्याच्या चटणीत बुडवायला हात पुढे केला आणि आईची नजर त्या आकड्यावर गेली. आईच्या स्वतःच्या हातावर मनगटापासून वर हिरवं गोंदण आहे. तुळशीवृंदावन, चार ठिपके आणि माझ्या वडिलांचं नाव. आई खुलली. बाईंचा हात तिने सरळ आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "अगं बाई, तुमच्यातही गोंदतात? कुणी काढलं हो हे? पार वाकडं काढलंय की!"

माझ्या हातातला घास हातात राहिला. अनघा ताटाकडे बघायला लागली.

"आई काय म्हणतायत?" बाईंनी मला विचारलं.

"त्या विचारतायत," मी म्हटलं, "की चटणी तिखट तर नाही ना?"

आमची ईशा तेव्हा शाळकरी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. तिने शांतपणे जाहीर केलं, "पापा लुग्ट." बाबा खोटं बोलतोय. आणि आजीचं वाक्य जसंच्या तसं, वाकडं काढल्यासकट, जर्मनमध्ये सांगून टाकलं.

मग बाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांत पाणी. "सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "जिने काढलं तीही माझ्यासारखीच कैदी होती. रांग मोठी होती, घाईत होती. म्हणून वाकडं."

मी आईला सांगितलं. छावणी, रांग, घरची माणसं, सगळं, दोन वाक्यांत बसेल तसं. आईने बाईंचा हात सोडला नाही. तिने अंगठा त्या आकड्यावरून हळूच फिरवला, लहान मुलाच्या ढोपरावरून फिरवावा तसा, आणि विचारलं, "दुखलं का हो फार?"

बाईंनी आधी आईच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "हेर थिएटर, लोक मला विचारतात, तुम्ही क्षमा केली का? देवावर विश्वास आहे का? तरुणांना काय संदेश द्याल? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सांगा, हो. खूप दुखलं." आणि मग आईकडे बघून, "तुमचं?"

"न दुखायला काय झालं!" आई म्हणाली. "मी बोंब मारली होती. चौघींनी धरलं होतं मला. गोंदणारी म्हातारी म्हणाली, रड, पण घे गोंदवून. दागिने, लुगडी सगळं इथंच राहतं. गोंदण तेवढं बरोबर येतं. वर गेल्यावर दाखवायला."

ईशाने हेही सांगितलं. बाईंनी आपला हात वर धरला आणि प्रथमच पाहत असल्यासारखा पाहिला. "बरोबर येतं?" त्या म्हणाल्या. "उत्तम. मला दाखवायचंच आहे. आणि मग जाब विचारायचाय."

त्यानंतर आई इथे असेपर्यंत त्या दोघींचं रोज दुपारी बाईंच्या बाल्कनीत बसणं सुरू झालं. ही मराठीत बोलायची, ती जर्मनमध्ये बोलायची, आणि मी दुभाषा म्हणून गेलो तर दोघीही माझ्याकडे 'हा कशाला आला' असं बघायच्या.

आता त्या दाराकडे येतो, कारण खरा झगडा दारावरून झाला.

बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे माणसं यायची. फुकट. युद्धातून, छळातून पळून आलेली, जर्मनीत नुकती पोचलेली माणसं. त्या वर्षांत अशी माणसं पुष्कळ आली होती. बाईंची पद्धत सोपी होती. दार उघडं. येणाऱ्याची खुर्ची दाराजवळ, बाईंचं स्टूल आत, भिंतीकडे. आणि बसताना त्या आपल्या घराची किल्ली त्या माणसाच्या हातात द्यायच्या. "ही तुमच्याकडे ठेवा. म्हणजे मी तुम्हांला कोंडू शकत नाही. बोलायचं असेल तर बोला, नाही तर आपण खिडकीबाहेर बघू." बस्. एवढ्यासाठी माणसं ट्रेन बदलून बदलून यायची.

त्यांत उत्तर इराकमधून आलेली एक बाई होती. तिच्या लोकांवर जे गुजरलं, ते तेव्हा सगळ्या बातम्यांत होतं. आपण चहा पिता पिता बघून चॅनेल बदललं होतं. ती यायची, जिना चढायची आणि दारासमोर थांबायची. उघड्या दारातूनही आत पाऊल टाकत नसे. तासभर जिन्यात उभी राहून निघून जायची. दुसऱ्या खेपेला बाईंनी आपलं स्टूल उचललं आणि जिन्यात आणून ठेवलं. मग ती उभी, बाई स्टुलावर, दुभाषी पायरीवर, असा गुरुवार चालायचा. मी वर जाताना अंग चोरून, नजर खाली घालून जायचो. माझ्यासारख्याला नजर खाली घालणं किती अवघड, ते माझ्या बायकोला विचारा.

खालच्या मजल्यावर हेर बेकर राहायचे. निवृत्त, विधुर, अत्यंत सरळ आणि नियमाने चालणारे. ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही, गोष्ट रंगली असती तरी. त्यांचे पाय गार पडायचे, एवढंच. बाईंचं दार उघडं, म्हणून जिना गार, म्हणून आपली बैठकीची खोली गार, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो सिद्ध करायला ते जिन्यात थर्मामीटर घेऊन उभे राहायचे. त्यात आता जिन्यात अनोळखी माणसं. त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली. घरमालकांच्या वार्षिक सभेत ठराव आला: सदनिकांची दारं बंद ठेवावीत, जिन्यात कुणी थांबू नये.

म्हणजे गुरुवार संपला. बंद दाराआड बसू शकली असती, तर ती माणसं बाईंकडे आलीच नसती. आणि ती इराकची बाई तर अजून उंबऱ्यालाही पोचली नव्हती.

मी आनंदाने वेडा झालो. कारण माझ्याकडे भाषण होतं! मी आठवडाभर ते बसवलं. पहिल्या अंकात दार, दुसऱ्या अंकात गुरांचा डबा, आणि तिसऱ्या अंकात मी वळून बाईंच्या हाताकडे बोट दाखवणार. एका जर्मन सभेत, तो आकडा समोर असताना, कुणाची माय व्याली होती विरुद्ध हात वर करायची? अनघा म्हणाली, "अहो, आरशासमोर रडायची तालीम करताय तुम्ही. दाढी तरी करा आधी."

सभा जवळच्या एका गास्टहाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत होती. बाई आल्या, आणि मी बघतच राहिलो. लांब बाह्या. करडा स्वेटर, मनगटापर्यंत, वर बटण लावलेलं. तोवर मी त्यांना पूर्ण बाह्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"फ्राउ डॉक्टर, हे काय?"

"हेर थिएटर," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या हाताबद्दल एक शब्द काढलात, तर मी माझ्याच विरुद्ध मत देईन."

मी तिन्ही अंक गिळून बसलो. आयुष्यात एवढं जड जेवण मी केलेलं नाही.

बाई उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या तरी बसलेल्या हेर बेकरएवढ्याच उंच. म्हणाल्या, "काही माणसं अशी असतात, की दार लागलं की ती खोलीत राहत नाहीत. अंग खुर्चीत असतं, माणूस भलतीकडे गेलेला असतो. तिथे मला त्याच्या मागे जाता येत नाही. म्हणून मी दार उघडं ठेवते. थोडी थंडी येते. मी स्वेटर घालते."

"पण मी का घालू स्वेटर?" हेर बेकर म्हणाले.

खोलीत हसू फुटलं. बाईही हसल्या. "हे मात्र बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी टेबलाखालून त्यांच्या खुर्चीला पाय लावून खुणावत होतो, बाही वर करा, फक्त बाही! त्या समोर बघत राहिल्या. मतं झाली. एका हाताने हरलो.

घरी येताना मी चिडलो होतो. "एक वाक्य, फ्राउ डॉक्टर! एका वाक्याने जिंकलो असतो!"

"हो, जिंकलो असतो," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या म्हातारीची दया आली असती सगळ्यांना. मग उद्या जिच्या हातावर काही लिहिलेलं नाही, तिचं दार कोण उघडं ठेवणार? प्रत्येक वेळी आधी जखम दाखवायची आणि मग खुर्ची मिळायची, हे मी आयुष्यभर मोडत आलेय. आता माझ्यासाठी सुरू करू?"

आम्ही इमारतीपाशी आलो. बाई जिन्यात थांबल्या, स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली, हुश्श केलं आणि आपल्या दाराकडे बघत राहिल्या.

"हेर थिएटर, तुमचा धंदा काय?"

"दारं."

"लावता."

"लावतो."

"काढताही येतात का?"

बुधवारी संध्याकाळी कामावरून आलो तो हत्यारांची पेटी घेऊनच. खरं तर पेटी लागत नाही. इथली दारं खुंट्यांवर नुसती बसवलेली असतात, खालून जोर लावून उचललं की निघतात. पण पेटीशिवाय प्रवेश कसा घ्यायचा? मी दार उचललं, ते कुरकुरलं आणि निघालं. आवाजाने हेर बेकर जिन्यात आले. थर्मामीटर हातात.

"हे काय चाललंय? ठराव झालाय!"

"पाठ आहे मला," बाई म्हणाल्या. "सदनिकांची दारं बंद ठेवावीत. ज्यांना दारं आहेत, त्यांनी ठेवावीत."

मी ते दार डोक्यावर घेऊन, राजाचं सिंहासन न्यावं तसा, हेर बेकरांच्या समोरून खाली तळघरात घेऊन गेलो. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला वाट दिली. जर्मन माणूस कितीही चिडला तरी ओझं वाहणाऱ्याला वाट देतो.

गुरुवारी मी रजा टाकली. जिना पुसण्याची पाळी आमची नव्हती, तरी बादली आणि फडका घेऊन वरच्या पायऱ्यांवर बसलो. अनघा वरून कुजबुजली, "फडका उलटा धरलाय."

इराकची ती बाई आली. नेहमीच्या जागी थांबली. समोर दार नव्हतं. फटही नव्हती, नुसती मोकळी चौकट. तिने चौकटीला हात लावला. वरच्या बिजागरीच्या खुंटीवर बोट टेकवलं, मग खालच्या. मग दुभाषीला काहीतरी म्हणाली, आणि दुभाषी हसली.

"विचारतेय, दार कुणी चोरलं?"

"आम्हीच," बाई आतून म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर एक चोर राहतो. छत्री घेऊन येतो."

ती आत गेली. लगेच बाहेर आली. परत आत गेली, परत बाहेर आली, उंबरा अडवतो का ते बघत असल्यासारखी. बाई हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग ती आत गेली आणि मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी गाड्यांच्या दारांचे हजार आवाज ऐकलेत आणि त्यांतल्या काहींवर मला बक्षिसंही मिळालीत. त्या खुर्चीच्या आवाजासमोर सगळे कुचकामी. मी बादली उचलली आणि वर निघून गेलो. पुढचं त्यांचं होतं.

व्यवस्थापक आला. त्याने ठराव वरून खाली वाचला, खालून वर वाचला. दार बंद ठेवण्याबद्दल सगळं होतं, दार असलंच पाहिजे असं कुठेच नव्हतं. ज्याबद्दल नियम नाही अशी गोष्ट समोर आली की जर्मन माणसाचे हातपाय गळतात. "पुढच्या सभेत घेऊ," म्हणाला. पुढच्या सभेतही तो विषय त्याच्या पुढच्या सभेवर गेला.

आणि हेर बेकर? पुढच्याच आठवड्यात ते वर आले. हातात हिरवा, गालिच्याएवढा जाड पडदा, एक दांडी आणि पाणसळ. बायकोने कधीकाळी बैठकीच्या खोलीसाठी शिवलेला तो पडदा. कुणाशी न बोलता त्यांनी तो चौकटीवर टांगला, पाणसळ लावून दांडी सरळ आहे का पाहिली.

"डांके, हेर बेकर," बाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही," ते म्हणाले. "माझ्या पायांसाठी आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच मला आवडला."

पुढची सगळी वर्षं बाई त्या पडद्यामागे राहिल्या. गुरुवारी पडदा बाजूला, बाकी दिवस ओढलेला. ज्यांना पडद्याला कसं ठोकावं ते कळत नसे, ते बाहेर उभे राहून खोकायचे.

शेवटी त्या इस्पितळात गेल्या, तेव्हाही पहिल्या दिवशीच नर्सशी भांडल्या. नर्स खोलीचं दार लावून गेली की बाई घंटी वाजवायच्या. नर्स धावत यायची, "काय हवंय?" "तुम्ही येताना दार उघडलंत, ते तसंच ठेवा." दोन दिवसांत नर्सने दाराखाली पाचर ठोकून टाकली. मी भेटायला गेलो, तेव्हा त्या उशीत बुडाल्या होत्या, पण लिपस्टिक होती. डावा हात पांघरुणाबाहेर.

"तुमच्या आईला फोन लावा," म्हणाल्या. "सांगा, मी निघतेय. हे बरोबर नेतेय. प्रश्न तयार आहेत."

मी तिथूनच साताऱ्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "तिला म्हणावं, एकटीच सगळं विचारून मोकळी होऊ नको. वर गेल्यावर माझ्यासाठी थांब. माझेपण दोन आहेत."

मी जर्मनमध्ये सांगितलं. बाईंचे खांदे हलले. आवाज फारसा आला नाही, पण हसू तेच होतं, त्या चटणीच्या दिवशीचं. "थांबेन म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण दारात. आत जाणार नाही."

त्यांना पुरलं, तेव्हा दफनभूमीत इतकी माणसं होती की हेर बेकरना मागे उभं राहावं लागलं. बहुतेकांना मी फक्त जिन्यावरून ओळखत होतो, तेही चपलांवरून, कारण नजर खाली असायची. ती इराकची बाई पुढे उभी होती. दफनभूमीच्या फाटकापाशी मात्र ती थांबली नव्हती. मी मुद्दाम बघत होतो.

घर विकलं गेलं. नव्या मालकाला अर्थातच दार हवं होतं. व्यवस्थापकाने मला विचारलं, तळघरातलं दार बसवून द्याल का, तुम्ही त्यातले ना? मी दार वर आणलं. हेर बेकरांनी खालची बाजू धरली. पाणसळ त्यांच्याकडेच होती, पण त्या दिवशी त्यांनी ती खिशातून काढली नाही. मी बिजागरीच्या खुंटीला दोन ठोके जास्त दिले, आणि ते कुठे देतोय हे ते बघत होते. आमच्या धंद्यात याला गुन्हा म्हणतात.

त्या दारात तसा काही दोष नाही. नवा मालक सुताराला बोलावतो, सुतार येतो, तपासतो, ठीक आहे म्हणून जातो. पण नुसतं ढकललं तर ते लागत नाही, हळूच वीतभर उघडतं. लागतं, नाही असं नाही. जरा उचलून, ओढून धरावं लागतं. बंद करायचं अगदी मनापासून ठरवावं लागतं.